आरशावरचा गोंडा

आरशांना बोलता येत होतं आणि ड्रायव्हर तेव्हाही ऐकत नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. सर्जेरावाच्या ट्रकच्या उजव्या आरशावर पत्र्याची छोटी टोपी होती. तिच्यामुळे पावसाचं पाणी काचेवर येत नसे. पण जत्रेतून परतताना सर्जेराव म्हणाला, "गाडीला नजर लागते." त्याने टोपी उपटून सीटखाली फेकली आणि तिच्या जागी काळा गोंडा बांधला.

आषाढात घाटात पाऊस कोसळला. भिजलेला गोंडा काचेला चिकटून बसला.

"बाजूला हो!" आरसा ओरडला. "मागून कोण येतंय ते मला दिसत नाही!"

"तोंड सांभाळून बोल," गोंडा गुरकावला. "मी तुझी राखण करतोय."

"कसली डोंबलाची राखण! ती टोपी एक शब्द न बोलता पाऊस अंगावर घ्यायची. तू नुसता लोंबतोस!"

"मला मालकाने हौसेने आणलंय. तिला विचारतो कोण?"

तेवढ्यात सर्जेरावाने आरशात पाहिलं. मागे कुणी दिसलं नाही, म्हणून त्याने ट्रक उजवीकडे घेतला. मागून मोटारसायकलवर येऊन उजवीकडून पुढे निघालेला दूधवाला कान्होबा किटल्यांसकट चरात कोसळला. त्याचा पाय मोडला.

"डोळे फुटले का रे तुझे?" तो चिखलातून ओरडला.

सर्जेराव खाली उतरला. "बघा, गोंडा बांधूनही नजर लागलीच," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्याने डाव्या आरशालाही गोंडा बांधला. दोन्ही आरसे ओरडत राहिले. सीटखाली टोपी पडून होती, कोरडी ठणठणीत.