चांगुणाने राखलेली फांदी

सह्याद्रीच्या कुशीत आवळवाडीला झुंबरनाथ महाराजांचा मुक्काम असे, तेव्हाची ही गोष्ट. दर वैशाखात महाराज भक्तांना घेऊन पायी भैरवाच्या शिखराला निघत. सात दिवसांची डोंगरवाट. शिदोरी जेमतेम, बाकी पोट रानातल्या करवंदांवर!

करवंदे तोडण्यात चांगुणा ठाकरीण मोठी पटाईत. पण बाईची एक रीत होती. जाळी कितीही लगडलेली असो, एक भरली फांदी ती तशीच राखायची आणि हात जोडून पुढे व्हायची.

गावचे वतनदार राघोपंत त्या वर्षी म्हाताऱ्या आईला डोलीत बसवून आले होते. ते हसून म्हणाले, "काय गं, ही फांदी काय तुझ्या सासऱ्याची?"

"मागून येनाऱ्याची हाय जी. रान काय आपल्या एकट्याचं न्हाय."

"अगं खुळे, मागे आहे कोण? शेवटचे तर आपणच!"

सगळे हसले. महाराज पुढे चालू लागले. पंत मुद्दाम मागे रेंगाळले आणि ती फांदी ओरबाडून मोकळे झाले. पुढे प्रत्येक जाळीपाशी त्यांचा हाच उद्योग. पोट भरलेले असायचे हो, पण मस्तीला कुठे पोट असते!

सहाव्या दिवशी दुपारी कड्यावरचे टाके कोरडे ठणठणीत निघाले. पखालीतही थेंब उरला नव्हता. पंतांच्या आईची जीभ टाळ्याला चिकटली, डोळे पांढरे झाले. पुढचे गाव तीन कोसांवर. आई तेवढी टिकेल असे कुणालाच वाटेना.

चांगुणा पुढे झाली. "म्हाराज, खालच्या वळनावर सकाळी फांदी राखल्याली हाय. रसाचे चार थेंब तोंडात जातील."

पंतांचा चेहरा उतरला. "तिथे काही नाही," ते पुटपुटले.

"तुला कसे ठाऊक?" महाराज म्हणाले.

पंतांनी आईकडे पाहिले आणि त्यांना रडूच फुटले. "मीच खाल्ली, महाराज. साऱ्याच खाल्ल्या."

"तिने राखली आहे ना? मग ती आहे. जा, तूच घेऊन ये."

पंत अनवाणीच धावत सुटले. वळणावर पोचले आणि जागीच खिळले. फांदी तीच. त्यांनी मोडलेली डहाळी लोंबत होती, खुडलेल्या देठांचा चीक अजून ओला होता. आणि त्याच फांदीला काळीभोर, रसरशीत करवंदे लगडली होती! त्यांनी उपरण्यात करवंदे भरली.

चांगुणाने रस पिळून म्हातारीच्या ओठांत सोडला. एक घोट, दोन घोट. म्हातारीने डोळे उघडले आणि हाक मारली, "राघू..."

पंत महाराजांच्या पायांवर कोसळले. महाराजांनी त्यांना उठवले आणि चांगुणाकडे बोट दाखवले. ज्यांच्यापुढे अख्खा गाव वाके, त्या पंतांनी त्या ठाकरणीच्या धुळीने भरलेल्या पायांवर डोके ठेवले.

ती संकोचून मागे सरली. "उठा जी, उठा. फांदी समदी तर न्हाय ना तोडली?"

"नाही, माय," पंत म्हणाले, "मागून येणाऱ्याची राखली."