रंगाखालचे खड्डे

फार वर्षांमागे माळावरच्या पवनचक्कीच्या पात्यातून बारीक शीळ आली, आणि पातं ज्या काचेच्या धाग्यांचं घडलं होतं त्यातला एक धागा थरथरला.

"मावशे," धाग्यांना चिकटून त्यांना कवेत धरून बसलेल्या राळेला तो म्हणाला, "वाऱ्यातली वाळू तुला खातेय गं, अंगभर खड्डे पडलेत. तू झिजलीस की मी उघडा पडेन, तुटेन!"

"गप रे भित्र्या! कणभर वाळू ती," राळ म्हणाली, पण तिचा आवाज खोल गेला होता.

सकाळी पातं दुरुस्त करायला मिस्त्री दोराला लटकत आला.

"दादा, आधी खड्डे बुजवा हो," धागा काकुळतीला आला. मिस्त्रीने खड्ड्यांवरून नुसता पांढरा रंग फिरवला.

"बघ, झाले की नवी!" राळ हसली.

संध्याकाळी वारा सुटला. रंगाचा पापुद्रा उडाला, त्याबरोबर खड्ड्यातली झिजलेली राळही सुटली, आणि धाग्याला पहिल्यांदाच ऊन लागलं. "दादा!" तो ओरडला.

खाली दोर गुंडाळणाऱ्या मिस्त्रीने वर पाहिलं, आणि दोर खांद्यावर टाकून तो चालू लागला.