टिचकूच्या वाढदिवसाची बिस्किटं

उंदीर पाहुण्यांना बोलावून खाऊ घालत, त्या काळची ही गोष्ट. एका गिरणीमागे नखुली उंदरीण राहायची. पिढ्यान्‌पिढ्या गव्हाच्या पिठावर वाढलेल्या त्या घरात तिच्या टिचकूला नेमका गहूच सोसत नसे. कणभर खाल्ला तरी पोट नगाऱ्यासारखं फुगायचं. म्हणून कुणाचाही वाढदिवस असो, तो कोपऱ्यात बसून आपला वेगळा डबा खाई.

यंदा स्वतःच्या वाढदिवसाला त्याने विचारलं, "आई, आज सगळ्यांना माझंच खाणं देशील?"

गिरणीत आधी गहू पडलेला असायचा, म्हणून नखुलीने नाचणी घरच्या जात्यावर दळली. तूप-गूळ घालून बिस्किटं भाजली. उचलायला गेली, तर पहिल्याचा भुगा झाला. दुसऱ्याचाही. शेवटच्याकडे तर तिने नुसतं पाहिलं, तरी ते मोडलं. "जगाला जमतं, मलाच कसं जमत नाही?" ती रडकुंडीला आली, आणि तेवढ्यात पाहुणे आलेच.

"गव्हाशिवाय बिस्किटं? आमच्या वेळी नव्हती हो ही थेरं!" चिचुंद्रीमावशी दारातूनच म्हणाल्या.

नखुलीने डोळे मिटून भुग्याचं ताट पुढे केलं. पिल्लं त्यावर तुटून पडली.

"आयता चुरा! कुरतडायलाही नको!"

टिचकू गर्दीच्या मधोमध होता, मिश्यांना नाचणी माखलेली.

मावशींनी ताट दोनदा चाटलं आणि हळूच विचारलं, "नखुले, माझी मेली अख्खीच निघतात गं. तुझी इतकी छान मोडतात कशी?"

नखुलीने पदर सावरला. "सराव लागतो, मावशी."