रिबकाबाईंच्या हातची भाकर

"तिच्या मागून मी नाही बाई दळण लावायची," दीनाबाई शेजारणीच्या कानाला लागून म्हणत होत्या. "तिचं उरलंसुरलं पीठ गिरणीत राहतं, अन् मग ते आपल्याच डब्यात उतरतं."

बोलणं कानातलंच होतं. पण गिरणीच्या घरघरीत कानातलंसुद्धा ओरडून सांगावं लागतं, आणि नेमका त्याच घटकेला इंजिनाचा पट्टा सटकला. घरघर थांबली आणि दीनाबाईंचा आवाज तेवढा खोलीत उरला. जमलेल्या सगळ्या बाया आपापल्या डब्यात वाकून काहीतरी शोधू लागल्या. दाराशी रिबकाबाई उभ्या होत्या. त्यांनी हात पदराखाली घेतले, गव्हाची पुरचुंडी काखेत धरली आणि कोणाला काही न म्हणता त्या घराकडे वळल्या.

ही गोष्ट चिंचवेढे गावची. शांतवनबाबांचा मुक्काम त्या आठवड्यात तिथल्या ख्रिस्ती वस्तीवर होता. खांद्यावर घोंगडं, हातात एकतारी आणि पुठ्ठा निखळलेलं पवित्र शास्त्र, एवढाच बाबांचा संसार. गावोगाव पायी फिरून ते प्रभू येशूची कीर्तनं करीत. त्यांच्या प्रार्थनेनं कुणाचा ताप उतरला, कुणाची रुसलेली सून परत आली, असं लोक मोठ्या भक्तीनं सांगत. बाबांना विचारलं तर ते म्हणत, "ताप प्रभूनं उतरवला. मी नुसता उशाशी बसलो होतो."

चिंचवेढ्याला कापणीच्या सणाची फार हौस. त्या रविवारी शेतातलं पहिलं पीक मंदिरात, म्हणजे वस्तीच्या चर्चमध्ये, आणायचं आणि सगळ्या मंडळीनं एका भाकरीचे तुकडे वाटून प्रभुभोजन घ्यायचं. त्या भोजनाची भाकर एका घरची असे. तिला भाकरीचा मान म्हणत, आणि हा मान घरांच्या रांगेनं वर्षावर्षाला पुढं सरके. रांगेच्या सुरुवातीला गमलियेल मास्तरांचं कौलारू घर. मास्तर मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, मंडळीचे मुख्य पंच. दीनाबाई या त्यांच्या पत्नी. रांगेच्या शेवटी, लिंबापलीकडे, रिबकाबाईंची खोली. मान तिथवर पोचला की दरवेळी न चुकता उडी मारून पुन्हा मास्तरांच्या घरी जाई. ही उडी कधी ठरली, कोणी ठरवली, हे कोणालाच सांगता आलं नसतं.

यंदा पंचांच्या बैठकीला बाबा बसले होते. भाकर कोणाकडे, असा विषय निघाला तेव्हा त्यांनी सरळ मनानं रांग बघितली आणि म्हणाले, लिंबाकडचं घर राहिलं की. मग काय, पंचांना एकाएकी रिबकाबाईंची दया आली. एकजण म्हणाला, बाई एकटी, तिला कशाला दगदग. दुसऱ्याला तिची खोली फारच लहान वाटली. तिसरा म्हणाला की तिचं पीठ जरा जाडसर असतं. मास्तरांनी सगळ्यांचं म्हणणं शुद्ध भाषेत एकत्र केलं. बाबांनी ऐकून घेतलं आणि मान लिंबाकडच्या घरालाच दिला.

रिबकाबाईंना तरुणपणी महारोग झाला होता, आणि तो बरा झाला होता. यातलं पहिलं गावाच्या पक्कं ध्यानात होतं, दुसरं काही केल्या राहत नसे. नवऱ्यानं त्यांना मिशनच्या दवाखान्यात सोडलं आणि परतताना दुसरं लग्न केलं. दवाखान्यात कित्येक वर्षं गेली. रोग गेला, पण बोटं वाकडी राहिली आणि शेंड्यांची जाणीव गेली ती गेलीच. बरं झाल्यावर डॉक्टरीणबाई स्वतः त्यांचा हात हातात घेऊन गावातून चालल्या होत्या. लोकांनी डॉक्टरीणबाईंना सलाम केला होता.

रिबकाबाईंनी यावर कधी कोणाशी वाद घातला नाही. बाकी प्रभूशी मात्र त्या रोज भांडत. जात्यावर बसलं की सुरू. तू रोग्यांना हात लावत होतास म्हणे, मग ह्यांना तेवढं कसं नाही शिकवलंस? दळण संपेपर्यंत भांडण संपे, आणि पीठ गोळा करताना त्या त्याचे आभार मानत, कारण आभार मानण्याजोगं रोज काहीतरी निघेच. एखाद्या दिवशी नुसतं पीठच निघे.

मानाच्या भाकरीचं पीठ बारीक यावं म्हणून त्या गिरणीत गेल्या होत्या. तिथून परतल्या त्या दिवशी मात्र त्या जात्यावर बसल्या नाहीत. पुरचुंडी कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीला टेकून राहिल्या. दुपारी दारात सावली पडली. शांतवनबाबा उभे होते.

रिबकाबाईंनी बाबांना घोंगडी अंथरून दिली आणि खाली मान घालून सांगितलं की यंदाचा मान दुसऱ्या कोणाला द्यावा. बाबांनी विचारलं, का? तर म्हणाल्या, एकटीला दगदग होते, खोली लहान आहे, पीठही माझं जरा जाडसरच.

बाबा हसले. "हे मी पंचांच्या तोंडून ऐकलंय, रिबका. शब्दाला शब्द. त्यांनी तुला पाठ करून दिलं की काय?"

रिबकाबाईंनी कोपऱ्यातली पुरचुंडी आणखी आत सरकवली.

"आधी वाढ," बाबा म्हणाले. "भूक लागलीय."

घरात सकाळची बाजरीची भाकरी होती आणि लसणाची चटणी. रिबकाबाईंनी ताटलीत वाढून ताटली जमिनीवरून पुढं सरकवली आणि हात झटकन मागं घेतला. इतक्या वर्षांची सवय. बाबांनी ताटलीला हात लावला नाही. ओंजळ पुढं केली आणि म्हणाले, हातात दे. त्यांनी दिली. बाबांनी सगळी भाकरी खाल्ली, पाणी प्यायले, आणि उठताना म्हणाले, "रविवारी भाकर कर."

"करीन, बाबा. पण ती प्रभूच्या मेजावर जाईल का? अन् गेली, तर हात पुढं करील का कुणी?" आतलं सगळं शेवटी बाहेर आलं. "मी आजारात रडले नाही तेवढी त्या घटकेला रडेन. लोकांनी मला लांब बसवलं, ते मी सोसलं. पण प्रभूच्या भाकरीसमोर माझ्यामुळं त्यांनी मुठी मिटल्या, तर ते नाही सोसवायचं."

"तुझं काम कणीक मळायचं," बाबा म्हणाले. "पुढचं ज्याचं जेवण आहे तो बघेल."

रविवारी उजाडताना रिबकाबाईंनी जात्यावर गहू दळले. कणीक मऊ झाली की नाही ते त्यांच्या बोटांना कळत नसे, म्हणून त्या मनगटानं दाबून बघत. एकच भाकर केली, ताटलीएवढी. तवा जरा जास्त तापला आणि एका कडेला डाग पडला. दुसरी करायला पीठ नव्हतं. त्यांनी ती धुतलेल्या फडक्यात बांधली आणि मंदिराची वाट धरली.

पायरीवर गमलियेल मास्तर उभे होते, इस्त्रीच्या कोटात. त्यांनी फार सौजन्यानं सांगितलं की दीनानं कालच भाकर करून मेजावर झाकून ठेवली आहे, बाईंना उगीच त्रास नको म्हणून. मग फडक्याकडे बघत म्हणाले, "ही असू द्या आपल्याजवळ. वाया नाही जायची. संध्याकाळी गाईपुढे टाकली तरी चालेल."

मागं दोघं-तिघं हसले. रिबकाबाई दाराजवळच्या आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन बसल्या. फडकं मांडीवर होतं. बाबांना कळलं असावं, कारण मेजावरची ताटली उघडून त्यांनी एकदा दाराकडे बघितलं. मग ती पुन्हा झाकून ठेवली. रिबकाबाई मनात म्हणाल्या, प्रभू, मी माझं काम केलंय. आता तू आणि तुझी मंडळी काय ते बघा.

तेवढ्यात बैलगाड्यांचे घुंगरू वाजले. बाबा चिंचवेढ्याला आहेत ही बातमी आसपासच्या वाड्यावस्त्यांवर पोचली होती. माणसं डोक्यावर भोपळे, काखेत कोंबड्या, खांद्यावर कणसांचे भारे घेऊन येऊ लागली. मंदिर भरलं, ओसरी भरली, मग लिंबाखाली माणसं बसली. मास्तर आधी फुलून गेले, एवढी गर्दी आपल्या कारकिर्दीत म्हणून. पुढं त्यांची नजर मेजावरच्या भाकरीकडे गेली, आणि परत माणसांकडे, आणि ते कोटाचं बटण चाळवू लागले.

उपासना झाली. अर्पणातली एक कोंबडी प्रार्थनेत मोठ्यानं सामील झाली, तेवढं सोडलं तर सगळं शांततेत झालं. बाबांनी आभार मानून दीनाबाईंची भाकर मोडली. भाकर सुरेख होती, पांढरीशुभ्र, गोल. वाटण्याचं काम मुख्य पंचांचं, आणि वाटणारानं सर्वांच्या शेवटी घ्यायचं, अशी तिथली रीत. मास्तर ताटली घेऊन निघाले. बाबांनी तुकडे लहान केले, मग आणखी लहान. तरी अर्ध्या मंदिरातच ताटली रिकामी झाली. मास्तरांनी चुरासुद्धा वाटला. मागं माणसं ओंजळी पसरून तशीच बसून राहिली.

मास्तर बाबांजवळ येऊन पुटपुटले की आता इथंच आवरावं, पाहुण्यांचं पुढल्या खेपेला बघता येईल.

"पसरलेली ओंजळ रिकामी पाठवायची, ती कोणाच्या नावानं?" बाबांनी विचारलं. आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मंडळीत आणखी भाकर आहे का?"

आहे, हे चिंचवेढ्याच्या प्रत्येकाला ठाऊक होतं. कोणी मान वळवली नाही. दीनाबाई आपल्या बांगड्या बघत राहिल्या.

रिबकाबाईंनी मनात हिशेब केला. उठलं नाही तर निभतंय, आणि उठलं तर त्या सगळ्या मुठी मिटताना आपल्याला बघाव्या लागतील. मांडीवरचं फडकं अजून कोमट होतं. बाबांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. ते वाट बघत राहिले, आणि ते वाट बघणं विचारण्यापेक्षा जड होतं. रिबकाबाई उठल्या. दोन्ही बाजूंच्या माणसांमधून चालत मेजापाशी आल्या आणि फडकं सोडलं.

"बाबा, एवढीशीच आहे."

बाबांनी ती भाकर दोन्ही हातांनी उंच धरली. कडेचा करपलेला डागही सगळ्यांना दिसला. त्यांनी डोळे मिटले, ओठ हलले, आणि त्यांनी भाकर मधोमध मोडली. एक अर्धी मेजावर ठेवली. दुसरीचा तुकडा काढून मास्तरांच्या ताटलीत टाकला. मग दुसरा, मग तिसरा. मास्तरांना ताटली उचलण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

पहिली ओंजळ एका परगावच्या म्हाताऱ्याची होती. त्याला कशाचाच पत्ता नव्हता. त्यानं तुकडा तोंडात घातला आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. त्याच्या शेजारच्यानं घेतला. मग गिरणीतली ती शेजारीण. तिची बोटं आत वळली, रिबकाबाईंनी ते बघितलं. त्या बाईनं एकदा म्हाताऱ्याकडे बघितलं, आणि तिची ओंजळ उघडली.

ताटली रिकामी होई, मास्तर परत येत, बाबा तुकडे टाकीत. मोठे, पोटभर तुकडे. मागची ओळ झाली. ओसरी झाली. रिबकाबाई मेजाशीच उभ्या होत्या आणि त्यांचे डोळे बाबांच्या डाव्या हातावर होते. ती भाकर त्यांनी स्वतःच्या तळव्यानं थापली होती, तिचं माप त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? बाबा मोडत होते आणि हातातली अर्धी भाकर अर्धीच राहत होती. करपलेली कडसुद्धा होती तिथंच होती. मास्तरांनाही ते दिसलं असावं, कारण प्रत्येक खेपेला ते आता ताटलीआधी बाबांच्या हाताकडे बघत होते.

लिंबाखालच्या माणसांपर्यंत भाकर पोचली, तेव्हा तिथं कुणीतरी भजन धरलं. ओसरीनं ते उचललं, मग मंदिरानं. बाबांची एकतारी कुणी घेतली, कुणी अर्पणातल्या घागरीवरच ठेका धरला. गाडीवाल्यांनी बैलांजवळूनच हात पुढं केले. ज्यांना आधी चुऱ्यावर भागवावं लागलं होतं तेही पुन्हा ओंजळ करून उभे राहिले. रिबकाबाईंच्या हातच्या भाकरीसाठी माणसं एकमेकांच्या खांद्यावरून हात पुढं करत होती, आणि त्या बघत होत्या, आणि पदर डोळ्यांना लावायचंही त्यांना सुचत नव्हतं.

शेवटी मास्तर परत आले. सगळ्यांना पोचल्यावरच दोन्ही अर्ध्या संपल्या होत्या. बाबांच्या हातात एकच तुकडा उरला होता. तो त्यांनी ताटलीत ठेवला. वाटणाराचा.

भजन आपोआप थांबलं. मास्तर ताटलीकडे बघत उभे राहिले. हळूच म्हणाले की सकाळपासून पोटाची जरा कुरबुर आहे. बाबा रागावले नाहीत.

मास्तरांनी ताटली मेजावर ठेवली. डोक्यावरची टोपी काढली. रिबकाबाई घाबरून मागं सरकल्या, पण मागं भिंत होती. सगळ्या मंडळीदेखत गमलियेल मास्तर त्यांच्यासमोर गुडघ्यांवर बसले आणि त्यांचं कपाळ जमिनीला टेकलं. मान वर केली तेव्हा त्यांची ती शुद्ध भाषा कुठं गेली होती कोण जाणे.

"बाई," ते म्हणाले, आणि लिंबाखालपर्यंत ऐकू गेलं, "मला तुमच्या बोटांची भीती वाटते. तुम्ही बऱ्या होऊन आलात त्या दिवसापासून वाटते. इथं आम्हा सगळ्यांनाच वाटते, अन् आम्ही तिला तुमची काळजी म्हणत आलो." त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ वर धरली. "ताटलीत नको. तो तुकडा मला तुमच्या हातानं द्या."