कोळिणीचा दुसरा दोरा

माळाच्या कडेला, करवंदीच्या जाळीत एक कोळीण राहत असे. बाकीचे कोळी जाळे विणत, किडा अडकण्याची वाट बघत आणि पोटभर जेवून सुस्त पडत. आमच्या कोळिणीच्या डोक्यात मात्र भलतेच खूळ शिरले. जाळ्याच्या एका टोकाला मुंगीचा पाय लागला तरी दुसऱ्या टोकाला कळते. मग असाच एक दोरा गवतातून थेट सशाच्या बिळात नेला तर? रानमांजर दोऱ्याला अडखळले, की सशाला घरबसल्या खबर! तिने दोरा ताणला आणि मुलांनो, चारच दिवसांत ससा त्या दोऱ्यामुळे वाचला.

मग काय विचारता! साळिंदर आले, मुंगूस आले, घोरपड आली. सगळे रेशीम दोऱ्यांतच जाई, शिकारीच्या जाळ्याला काही उरत नसे, म्हणून प्रत्येक बीळवाला तिला रोज दोन किडे आणून देई. कावळ्याने तर तिला हरभऱ्याच्या झाडावरच चढवले. “आता थांबू नकोस बाई. साऱ्या रानात तुझा दोरा दिसला पाहिजे!” कोळीण दिवसाला दोन-दोन बिळे जोडू लागली. एकवीस बिळे झाली, तेव्हा तिचे आठही पाय जमिनीवर ठरेनात.

पण पुढे वाऱ्याचे दिवस आले आणि किडे येईनासे झाले. कोळीण सशाकडे गेली. बघते तर काय, तिच्या दोऱ्यावर सशाने चांगला मोठा दगड ठेवलेला!

“अगं, वारा सुटला की हा थरथरतो,” ससा ओशाळून म्हणाला. “दहादा झोप मोडून बिळाबाहेर पळालो. शेवटी दगड ठेवला.”

“मग मला सांगितलं का नाही?”

“तू एवढ्या हौसेनं बांधलास. तुझं मन कशाला मोडायचं?”

कोळीण दारोदार फिरली. जिथे तिथे दोऱ्यावर दगड. तिला रडू कोसळले. अंगात रेशीम उरले होते जेमतेम एका जाळ्यापुरते. म्हातारा काका कोळी म्हणाला, “पोरी, पुरे झाली थेरं. जाळं विण आणि दोन घास खा.” भूक तर लागलीच होती आणि काकाचे काही चुकत नव्हते.

शेवटचे घर राहिले होते तितरिणीचे. उघड्या गवतात चार पिल्ले घेऊन ती बसलेली, आणि दोरा अजून तिच्या पायाखाली होता.

“मावशी, तू नाही दगड ठेवलास?”

“मला कुठलं बीळ, बाई? थरथर झाली की दर वेळी मान वर करून बघते. एक सांगू? वारा असला की चहूकडचं गवत हलतं. मांजर असलं की एकाच बाजूचं.”

कोळिणीने आजूबाजूचे गवत निरखून पाहिले. मग तिने जाळ्यासाठी राखलेले रेशीम काढले आणि उलट्या बाजूच्या गवतात दुसरा दोरा ताणून त्याचे टोक तितरिणीच्या दुसऱ्या पायाखाली दिले. “दोन्ही थरथरले तर वारा. एकच थरथरला तर ऊठ!” तीन दिवस ती उपाशीपोटी तिथेच बसून राहिली. दोरा कुठे सैल कर, कुठे ताण, चालूच होते.

तिसऱ्या दिवशी दुपारी वारा भणाणत होता. दोन्ही दोरे हलत होते आणि तितरीण शांत होती. वारा पडला. एवढ्यात एकच दोरा थरथरला. तितरिणीने साद घातली, पिल्ले गवतात पांगली आणि रानमांजर येऊन बघते तो जागा रिकामी! कोळिणीने चारही पिल्ले पुन्हा पुन्हा मोजली. तितरिणीने आधी कोळिणीला पोटभर किडे आणून दिले आणि मग सगळ्या माळाला ओरडून ही बातमी सांगितली.

दुसऱ्या दिवशी ससा धावत आला. “माझाही असाच करून दे. आणि बाकीच्या वीस जणांनाही आजच हवाय!”

“आज फक्त तुझा,” कोळीण हसून म्हणाली. “आणि तीन दिवस मी तुझ्या दाराशी बसणार. काही बिघडलं तर तोंडावर सांगायचं. माझं मन मोडलं तरी चालेल.”

तात्पर्य : नवी युक्ती सुचते एकाला, पण ती टिकते वापरणाऱ्याच्या खऱ्या बोलण्यावर, म्हणून घरे वाढवण्याआधी एका घरी नीट बसून ऐकावे.