धनगराची कुत्री

"पण ओळखते तरी कशावरून?"

मठाच्या दयार्णवबुवांनी तिसऱ्यांदा विचारलं. ते मेंढरांपासून दहा पावलांवर उभे होते. त्यापुढं त्यांना जाता येत नव्हतं.

मध्ये पिवळी होती. धनगराची कुत्री. भुंकून झालं होतं तिचं. आता ती नुसती आडवी उभी होती.

बुवा डावीकडं सरकले. पिवळी डावीकडं सरकली.

बुवा उजवीकडं गेले. तीही गेली.

मठामागच्या पडीक रानात परवाच हा कळप मुक्कामाला आला होता. कळप लगमाआक्काचा. वय ऐंशीच्या घरात, हातात काठी, तोंडात दात दोन. पण साठ वर्षांत तिच्या कळपातलं एक कोकरू चोरीला गेलं नाही, असं लोक सांगत. बुवा तेच विचारायला आले होते.

"आक्का, चोर कोण, साव कोण, हे हिला कळतं कसं?"

बाभळीखाली बसलेली आक्का म्हणाली, "न्हाई कळत."

"मग मला का अडवते?"

"नवं हायसा तुमी."

बुवांना हसू आलं. पंचक्रोशीत त्यांना अडवणारं कुणी नव्हतं. माणूस दारात आला की त्याचं मन कळतं, अशी त्यांची ख्याती होती.

त्यांनी झोळीतून प्रसादाचा लाडू काढून पिवळीपुढं टाकला. तिनं तो हुंगला, खाल्ला, मिशा चाटल्या...

आणि पुन्हा आडवी उभी राहिली.

"खाल्ला की," बुवा चकित होऊन म्हणाले.

"भूक लागली आसंल."

"आणि चावली तर?"

"न्हाई चावत. शिकारीचं कुत्रं अंगावर जातं. ह्ये आडवं येतं. या हिकडं, माझ्याजवळ बसा."

आक्कानं जिभेनं टक् असा आवाज केला. पिवळी बाजूला झाली. बुवा येऊन आक्काशेजारी बसले. पिवळीही बसली, पण त्यांच्याकडं तोंड करून.

इतक्यात रानाच्या दुसऱ्या टोकानं लिंगाप्पा आला. लोकर कातरणारा. त्याला पाहताच पिवळी धावत सुटली. शेपूट हलवली, त्याच्या पायांत लोळली. त्यानं तिचं डोकं खाजवलं आणि तो मेंढरांत शिरला.

पिवळी त्याच्यामागं चालू लागली. तीन पावलं अंतर ठेवून.

त्यानं एक मेंढी धरून आडवी पाडली, कातर काढली. पिवळी समोर बसली. नजर त्याच्या हातावर.

बुवा बराच वेळ बघत राहिले.

"हा किती वर्षं येतो?"

"बारा झाली आसतील. हिच्या आईपासनं येतोय."

"तरी हिचा विश्वास नाही त्याच्यावर?"

"हाय की. शेपूट न्हाई बघितली?"

"मग मागं का फिरते?"

"मेंढरं हिची हायत."

लिंगाप्पाची कातर कचकच चालली होती.

"आक्का, खरं सांगू?" ते हळूच म्हणाले. "मठात एक विधवा बाई आहे. तिच्या मुलीचं, उमेचं लग्न मी जमवलं. मुलाच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणालो, सोनं आहे. माझ्या शब्दावर तिनं पोर दिली."

"मंग?"

"दीड वर्ष झालं. पोरीला माहेरी पाठवत नाहीत. फोन काढून घेतलाय. काल तिची आई माझ्यापुढं बसली... बोलली काहीच नाही. नुसती बसून होती."

आक्का ऐकत होती.

"रात्रभर एकच विचार. मी चुकलो कुठं? काय बघायचं राहिलं? म्हणून तर तुमच्याकडं आलो. पारख कशी करायची, ते शिकवा मला."

"लगीन झाल्यावर कितींदा गेलासा तिच्याकडं?"

बुवांनी खाली पाहिलं. मातीत बोटानं एक रेघ ओढली.

"एकदाही नाही... चांगलं स्थळ होतं. मला वाटलं, आता काळजी नाही."

"आन् पोर कुठं हाय आता?"

"तिथंच."

"लांब हाय ते गाव?"

"एसटीनं दोन तास."

आक्कानं मान वर करून बाभळीच्या शेंड्याकडं पाहिलं. ऊन अजून माथ्यावर होतं. तिनं काठी टेकली, उठून उभी राहिली आणि बुवांच्या दंडाला धरून त्यांनाही उठवलं. म्हातारीच्या हातात जोर होता.

बुवा उभे राहिले. झोळी खांद्याला लावली. दोन पावलं गेले आणि थांबले.

"तिच्या आईलाही बरोबर नेतो."

"न्या."

"पण आक्का, मी तिथं बोलू काय? त्यांच्यापुढं माझं ज्ञान..."

आक्कानं काठीनं पिवळीकडं दाखवलं.

"त्यांनी आत घेतलंच नाही तर?"

"भाईर बसा."

"आणि उठा म्हणाले तर?"

"तर हुबं ऱ्हावा, म्हाराज. पर पोरीला दिसत ऱ्हावा."