पिवळ्या पायांच्या माश्या

आमच्या संस्कृतच्या मास्तरांनी सांगितलेली ही गोष्ट मला जशीच्या तशी आठवते, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. साठ वर्षे होऊन गेली. व्यापारी पेढ्यांचा होता की बर्फीचा, इथेच मी अडखळतो, पेढ्यांचाच असावा. मधल्या काळात वाचन पुष्कळ झाले, आणि वाचलेले आठवणीत कधी मिसळते ते कळत नाही. तेव्हा जिथे शब्द फार नेटके वाटतील तिथे ते माझे समजावेत, आणि जिथे अंगावर काटा येईल तिथे मास्तरांचे.

एकदा एक पेढ्यांचा व्यापारी नदीकाठी राहणाऱ्या वृद्ध आचार्यांकडे घाबराघुबरा होऊन आला. गावच्या देवीला उत्सवात पेढ्यांचा नैवेद्य त्याच्या घरून जाई. आजोबांपासूनचा तो मान. पण त्याच्या भटारखान्यात माश्यांनी थैमान घातले होते. देवस्थानचे पंच आठव्या दिवशी पाहणीला येणार होते, आणि या खेपेला नैवेद्य दुसऱ्या घरी जाणार असे गावात उघड बोलले जात होते.

"महाराज, धूप झाला, कडुनिंबाचा धूर झाला, होम केला. शंभर मारल्या की दुसऱ्या दिवशी दोनशे हजर. देवीनेच पाठ फिरवली म्हणायची."

आचार्य आपल्या शिष्याला घेऊन निघाले. शिष्य बारा वर्षे त्यांच्यापाशी शिकलेला. वाटेत तो मनातल्या मनात एखादे सूक्त आठवू लागला.

भटारखान्यात पोचल्यावर आचार्यांनी सूक्त म्हटले नाही. त्यांनी एका परातीत ताजा खवा पसरायला सांगितला, त्यावर मूठभर हळदीची पूड भुरभुरली आणि म्हणाले, "आता कोणी पंखा हलवू नका. जेवू द्या त्यांना."

व्यापाऱ्याचा चेहरा उतरला. "महाराज, मी माश्या घालवायला बोलावले होते, पंगतीला नव्हे!"

दारात उभी असलेली त्याची बायको म्हणाली, "बसू द्या हो. या घरातून कोणी उपाशी गेलेले नाही, माश्यांनी तरी का जावे?"

बघता बघता परात काळी झाली. आचार्य शिष्याला म्हणाले, "माशीची जीभ तिच्या पायांत असते. जिथे पाय टेकेल तिथले तिला कळते, आणि जिथले कळले तिथे ती परत जाते. पिवळी दिसेल तिच्यामागे जा."

गुरूंचे बोलणे अलंकारिक आहे असे शिष्याला वाटले. बारा वर्षांच्या अध्ययनानंतर माशीमागे धावायचे, याची त्याला लाजही वाटली. तरी तो गेला. बऱ्याच माश्या खिडक्यांकडे भरकटल्या. पण दुपार कलेपर्यंत त्याच्या ध्यानात आले, की मागच्या भिंतीतल्या वीतभर झरोक्यापाशी पिवळे ठिपके पुन्हा पुन्हा जमताहेत. झरोक्याला लाकडी झडप होती. तिच्या खालच्या फटीतून माश्या एकामागून एक बाहेर जात होत्या. आत मात्र पिवळ्या माश्यांहून कितीतरी अधिक स्वच्छ, कोवळ्या, नुकत्याच जन्मलेल्या माश्या येत होत्या.

"हा झरोका कशाचा?" आचार्यांनी विचारले.

व्यापाऱ्याचा आवाज एकदम भक्तीने भरून आला. "गोग्रासाचा. रोज पहाटे स्नान करून पहिल्या खव्याचा गोळा पोळीवर ठेवून इथून ढवळी गाईला देतो. डोळे मिटून. दिलेल्या दानाकडे वळून पाहू नये, ही वडिलांची आज्ञा. आजारपणातसुद्धा एक दिवस चुकवला नाही, महाराज."

"गाईची जीभ हाताला कशी लागते?"

"खरखरीत. गरम. वडील मला मांडीवर घेऊन हात बाहेर धरायला लावत, तेव्हा..."

"तुझ्या हाताला शेवटची केव्हा लागली?"

व्यापाऱ्याने आपल्या तळव्याकडे पाहिले. मग खालच्या आवाजात म्हणाला, "सोवळ्यातला हात उष्टा व्हायचा. म्हणून मी वरूनच सोडू लागलो."

"पलीकडे काय आहे?"

"आमचीच बोळ. गाढवे, डुकरे शिरायची. देवीच्या नैवेद्याची पाठ पवित्र राहावी म्हणून दोन वर्षांपूर्वी तोंडाशी भिंत घालून घेतली."

हे वाक्य त्याच्या तोंडून पूर्ण बाहेर पडले, आणि मग त्याचे त्यालाच ऐकू आले.

शिडी लावून तिघे भिंतीवर चढले. शिष्याने आयुष्यात असे काही पाहिले नव्हते. झरोक्याखाली दोन वर्षांचा खवा आणि पोळ्या यांचा ढीग कमरेइतका वाढला होता, आणि तो ढीग श्वास घेत होता. त्याची सारी कातडी हलत होती. लक्षावधी जीव त्यात वळवळत होते, पंख फुटून वर येत होते, आणि मावळतीच्या उन्हात त्यांच्यावरून एखादी हळदीने माखलेली माशी आपली अंडी घालायला उतरत होती. शिष्याला किळस यायला हवी होती. त्याऐवजी त्याचे सर्वांग थरारले.

आचार्यांनी त्या ढिगाला हात जोडले.

"गुरुदेव, याला नमस्कार?"

"दोन वर्षांत एकही पहाट चुकली नाही. इतक्या निष्ठेपुढे हात आपोआप जुळतात. बघ, तिचे फळही तिच्याएवढेच आले आहे. डोळे मिटायला वडिलांनी सांगितले ते दात्याचा अहंकार वाढू नये म्हणून. हात पुढे करायला सांगितला तो गाईसाठी. याने डोळे मिटले आणि हात मागे घेतला. माशीने पाय टेकला, म्हणून तिला कळले की इथे अन्न आहे आणि घेणारे कोणी नाही. याला मात्र कळायचे राहिले."

त्याच संध्याकाळी भिंत फोडली. ढीग गाड्यांत भरून शेतावर नेऊन पुरला, बोळीत चुना टाकला. पण आचार्यांनी बजावले होते, की आधी जन्मलेल्या माश्या लगेच संपणार नाहीत.

तसेच झाले. आठव्या दिवशी पंच आले तेव्हा चार-पाच माश्या घोंगावतच होत्या. व्यापाऱ्याने कापड मारून त्या हुसकल्या नाहीत. त्याने पंचांना झरोक्यापाशी नेले, सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाला, "मान काढून घ्यायचा असेल तर घ्या. पण हे तुम्ही दुसऱ्याकडून ऐकू नये, एवढेच." मग डोळे मिटून त्याने गोग्रास ठेवलेला तळवा बाहेर धरला. हात भरून येईतो धरला. कोणी आले नाही. त्याने तो गोळा तसाच आत घेतला.

सर्वांत वडीलधारे पंच हसले. "अजून माश्या आहेत हो शेट."

"आहेत. कुठून येतात ते ठाऊक नव्हते. आता आहे."

पंचांनी परातीतला एक पेढा उचलून तोंडात टाकला आणि म्हणाले, "उत्सवाच्या सकाळी वेळेवर पाठवा."

पुढे त्या तळव्याला गाईची जीभ लागली की नाही, हे मास्तरांनी सांगितले नाही; किंवा सांगितले असेल आणि मी विसरलो असेन. मी स्वतःही पुष्कळ गोष्टी वरूनच सोडल्या आहेत, म्हणून तेवढाच भाग निसटला असेल.

माशीची जीभ पायांत असते, हे मात्र मलाही त्या शिष्यासारखे अलंकारिकच वाटत राहिले. निवृत्तीनंतर एका प्राणिशास्त्रज्ञ मित्राच्या प्रयोगशाळेत मी संकोचत तो विषय काढला. त्याने एका माशीला पाठीकडून अलगद धरले आणि तिचा फक्त पुढचा पाय साखरेच्या पाण्याच्या थेंबाला टेकवला. तोंड थेंबापासून दूर होते. भिंगाखाली मी पाहत होतो. पाय टेकला, आणि त्याच क्षणी तिची सोंड बाहेर आली.